घोड्याचा नाल आणि घोड्याचा पाय



घोड्याच्या पायांविषयीं बोलावयास एका शाळामास्तरानें यावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. मला स्वतःलाहि तें वाटतेंच. मी घोडेस्वार नव्हें, पशुवैद्य नव्हें, आणि नालबंद तर नव्हेंच. मॅट्रिकपर्यंत शिकलों, पुढें चौतीस वर्षें मुलांस गणित आणि भूगोल शिकविला, आणि आतां माथेरानच्या पायथ्याशीं, नेरळजवळच्या एका खेड्यांत, घरामागच्या वाडींत चार आंब्यांचीं झाडें राखीत बसलों आहें. परंतु त्याच वाडींत २०२२ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस एक लंगडी घोडी आली, आणि पुढील दीड वर्ष माझा बहुतेक वेळ तिच्या पायांपाशीं गेला. त्या दीड वर्षांत जें शिकलों, आणि शिकतांना ज्या चुका केल्या, त्यांपैकीं कांहीं आज आपणांपुढें ठेवतों. चुका सविस्तर सांगेन, कारण त्या माझ्या स्वतःच्या आहेत. ज्ञान बरेंचसें दुसऱ्यांचें आहे.

घोडी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. माथेरानवर मोटारीला मज्जाव आहे, हें आपणांस ठाऊकच आहे. दस्तुरीपाशीं गाडी सोडल्यावर पुढें जाण्याचा एक जुना मार्ग म्हणजे घोडा, आणि त्या घोड्यांवर तेथील पुष्कळ कुटुंबांचें पोट चालतें. ही त्यांपैकींच एक. तांबड्या अंगाची, कपाळावर टिळा, जात विचारूं नये अशी. वय सुमारें नऊ वर्षें, आणि त्यांतलीं सहा वर्षें चारी पायांस नाल ठोकलेले. माथेरानच्या वाटा मूळच्या तांबड्या मातीच्या. अलीकडच्या वर्षांत त्यांतील कांहीं वाटांवर फरसबंदीचे ठोकळे बसविले आहेत, आणि त्यांवर लोखंडी नाल घसरतो अशी घोडेवाल्यांची तक्रार आहे. ती तक्रार खरी कीं खोटी हा वाद मी येथें काढीत नाहीं. ही घोडी मात्र उतार आला कीं थांबे, पाऊल आंखूड टाकी, आणि पुढचे दोन्ही पाय टेकतांना टाचेऐवजीं टोंक आधीं टेकी. घोड्याच्या अंगाचा सुमारें ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. तेव्हां तेच आधीं बोलूं लागतात. नालबंदानें नाल बदलून पाहिले, नालाखालीं चामड्याची चकती घालून पाहिली. चार दिवस बरें वाटे, पुन्हां तेंच.

विद्यार्थी मला म्हणाला, "गुरुजी, पावसाळाभर तुमच्या वाडींत बांधूं कां? वर ओल फार." मी हो म्हणालों. एवढ्यावर थांबलों असतों तर बरें झालें असतें. पण मास्तरकी सुटली तरी पुस्तकें सुटत नाहींत. घोडी आली त्या आठवड्यांत मीं घोड्याच्या खुराविषयीं मिळेल तें वाचावयास आरंभ केला.

घोड्याच्या पायांत लोखंड असलेंच पाहिजे, ही समजूत आपल्यांत इतकी मुरलेली आहे कीं बिननालाचा घोडा म्हणजे अनवाणी भिकारी असें आपण धरून चालतों. मराठ्यांच्या काळीं शिलेदारास घोड्यानिशीं चाकरीस ठेवतांना जी आगाऊ रक्कम देत, तिचें नांवच मुळीं नालबंदी. परंतु जगांतील पुष्कळ मोठ्या दौडी बिननालाच्या घोड्यांनीं केल्या आहेत. प्राचीन ग्रीकांना खिळ्यांनीं ठोकावयाचा नाल ठाऊक नव्हता. झेनोफन हा त्यांचा सेनानी व ग्रंथकार. ख्रिस्तपूर्व ४ थ्या शतकांत त्यानें अश्वारोहणावर एक छोटा ग्रंथ लिहिला, आणि त्यांत तबेल्यासंबंधीं मोठी मार्मिक सूचना केली आहे. ओल्या व गुळगुळीत जमिनीवर चांगला खूरहि बिघडतो, असें त्याचें मत. उपाय म्हणून तो सांगतो कीं, तबेल्याबाहेर मुठीएवढ्या गोल दगडांच्या चारपांच गाड्या पसराव्या, ते इकडेतिकडे जाऊं नयेत म्हणून भोंवतीं कड घालावी, आणि खरारा करतांना घोडा त्यांवर उभा करावा. म्हणजे जागच्या जागीं पाय हलवतांना त्याला खडकाळ वाट चालल्याचें फळ मिळेल. रोमन लोक दुखऱ्या पायाला लोखंडी तळाचें पायताण पट्ट्यांनीं बांधीत. जपानांत तर मेजी राजवटीपर्यंत घोड्यांना गवती पेंढ्याच्या वहाणा घालीत, आणि वाटेंत झिजल्या कीं नव्या बांधीत. खिळ्यांचा नाल युरोपांत सर्रास झाला तो मध्ययुगांत. त्यानंतर तो बरा कीं वाईट, असें विचारणारे थोडे निघाले. इंग्लंडांतील ब्रेसी क्लार्क नांवाच्या पशुवैद्यानें १८०९ मध्यें जिवंत घोड्याच्या पायावरील आपले प्रयोग छापले, आणि लोखंडाच्या कड्यांत अडकलेला खूर कसा आकसत जातो हें दाखविण्याचा यत्न केला. समव्यवसायी मंडळींनीं त्याचें फारसें ऐकलें नाहीं. पुढें अमेरिकेंत जेमी जॅक्सन या नालबंदानें १९८२ ते १९८६ या काळांत पश्चिमेकडील रुक्ष डोंगराळ मुलखांतील रानटी घोड्यांचे खूर पाहिले, आणि १९९२ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. हे घोडे खडकांतून रोज कोसचे कोस हिंडत आणि त्यांचे खूर आंखूड, जाड व घट्ट असत. नाल काढून घोड्याचा पाय त्या वळणावर न्यावा, ही आजची चळवळ बरीचशी तेथून निघाली.

हें वाचून मी भारून गेलों. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं पुढें तेथील रानटी घोड्यांचे खूर तपासले, आणि त्यांतहि रोगाच्या खुणा सांपडल्या, हें मीं वाचलें तें फार उशिरा. अर्धें पुस्तक वाचून प्रयोगाला लागूं नये, असें मी मुलांना वर्षानुवर्षें सांगत आलों होतों.

आतां खूर म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, नाहींतर पुढची गोष्ट कळणार नाहीं. खूर हा निर्जीव ठोकळा नव्हे. त्याची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी. कातडी संपते त्या कडेपासून ती खालीं वाढते. वाढ महिन्याला सुमारें ८ ते १० मिलिमीटर. पुढच्या टोंकाशीं वरची कड जमिनीपर्यंत पोहोंचावयास नऊपासून बारा महिने लागतात. टाचेकडे भिंत आंखूड, म्हणून तेथें चारपांच महिन्यांत काम होतें. म्हणजे आज जो खूर आपण पाहतों तो गेल्या वर्षाचा जमाखर्च असतो. भिंतीच्या आंत तळवा. तो सुमारें १५ मिलिमीटर तरी जाड असावा, कारण त्याच्या वर लागलीच जिवंत भाग व हाड आहे. तळव्याच्या मागच्या अंगाला, टाचेकडून पुढें निमुळता होत गेलेला, रबरासारखा एक त्रिकोण असतो. आमचे नालबंद त्यास पुतळी म्हणतात. या पुतळीच्या वर, टाचेच्या पोटांत, एक गादी आहे. अमेरिकेंतील मिशिगन येथील रॉबर्ट बाउकर या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं दुबळ्या पायांत ही गादी मऊ, चरबीसारखी असते, आणि बळकट पायांत ती चिवट तंतूंची व कूर्चेची बनते. तिला बळकटी येते ती पुतळी जमिनीला लागून दबल्यामुळें. निकोप घोडा चालतांना टाच आधीं किंवा सपाट पाऊल टेकतो. टाच किंचित् फांकते, पुतळी दबते, धक्का गादींत जिरतो. नाल ठोकला म्हणजे पुतळी बहुधा अधांतरीं राहते, आणि लोखंड कांहीं फांकत नाहीं. वर्षें लोटतात, आणि वापरावांचून गादी अशक्त होते. घोडा तरीहि चालतो, कारण नालामुळें तळवा जमिनीपासून उचललेला असतो. नाल काढला कीं ती सगळी अशक्तता एका दिवसांत उघडी पडते.

हें सारें मला पाठ होतें. तरीहि काय केलें तें ऐका.

आमच्या भागांत एक वृद्ध नालबंद आहेत. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांना बोलावून मीं सांगितलें, चारी नाल काढा. चाचांनीं पाय उचलून पाहिला, अंगठ्यानें तळवा दाबला, घोडीनें पाय हिसकला. ते म्हणाले, "गुरुजी, पाऊस तोंडावर आलाय. आतां लोखंड काढलंत तर हा पाय भाकरीसारखा भिजेल. दसऱ्याला बोलवा." मीं त्यांना झेनोफन सांगितला. ते निमूटपणें ऐकून घेऊन कामाला लागले. पांच मिनिटांत नाल निघाले. गंमत अशी कीं, ही बातमी गल्लींत पोहोंचतांच शेजारची मंडळी नाल मागावयास आली. दाराच्या चौकटीवर ठोकला म्हणजे घरांत भरभराट होते म्हणतात. नाल काळ्या घोड्याचा पाहिजे अशी मीं आठवण दिली, तर एक बाई म्हणाल्या, "तांबडी तर तांबडी, चालेल." घोडीच्या पायांतून जें काढलें तें चार घरांच्या दारांवर चढलें.

पहिल्या दिवशीं वाडीच्या मऊ मातींत घोडी मजेंत फिरली. मीं वहींत तारीख घालून "प्रयोग यशस्वी" असें लिहिलें. वही अद्याप आहे, पान फाडलेलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं, चालल्यानेंच पाय सुधारतो असें वाचल्यावरून, मीं तिला डांबरी सडकेवर अर्धा तास फिरविली. खिळ्यांच्या भोंकांपाशीं भिंतीचे टवके उडाले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती बांधल्या जागेवरून हलेना.

मग पाऊस लागला. कर्जत-नेरळकडचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला अधिक सांगणें नको. गोठ्याची जमीन सादळली, पुतळीच्या बाजूच्या चरांतून काळा, दुर्गंधीचा चिखल निघूं लागला. ती कुजत होती. इतक्यांत तिसरी गोष्ट घडली, आणि तीच सर्वांत घातक. घोडी आजारी म्हणून शेजारचीं पोरें शाळेंतून येतांजातां तिला गूळ-चणे चारीत. मींच त्यांना कौतुकानें चारूं दिले. शिवाय वाडींत गुडघाभर हिरवेंगार गवत माजलें होतें, आणि ती दिवसभर तेंच खाई. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत एका सकाळीं पाहतों तों घोडी पुढचे दोन्ही पाय लांब पुढें ताणून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी. खुराला हात लावला तर ऊन लागला. घोट्याच्या मागें नाडी घणासारखी उडत होती.

पशुवैद्य आले. त्यांनीं एका दृष्टिक्षेपांत ओळखलें. घोड्याच्या पोटांत गूळ, धान्य किंवा रसरशीत गवताची साखर वाजवीपेक्षां जास्त गेली, तर खुराची भिंत व आंतलें हाड यांना जोडणारे पापुद्रे सुजतात व सुटूं लागतात. पापुद्रे फार सुटले तर हाड खालीं उतरून तळव्यांत रुततें, आणि मग त्या जनावराचें काय होतें तें सांगवत नाहीं. "पाय खालून दुखतो म्हणून तुम्ही खालीं बघतां आहांत," ते म्हणाले, "दुखणें तोंडावाटे गेलें आहे." नाल असतांनाचें तिचें जुनें दुखणें हेंच कीं काय, असें मीं विचारलें. शक्य आहे, म्हणाले. माथेरानवर प्रवाशांच्या हातचीं बिस्किटें व गूळ खाऊन ती वर्षानुवर्षें अशाच मंद सुजेंत असावी.

त्या संध्याकाळीं विद्यार्थी आला. घोडीकडे पाहून तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "गुरुजी, तुमच्या पुस्तकापायीं ही गेली, तर माझ्या पोरांची फी कोण भरणार?" चौतीस वर्षांत माझ्याशीं कोणी विद्यार्थी असा बोलला नव्हता, आणि तो बोलला तें योग्यच होतें. प्रयोग माझा होता. घोडी त्याची होती. दिवाळीपासून मेअखेरपर्यंतचा मोसम हीच त्यांच्या वर्षाची कमाई. ती घोडी त्या मोसमांत उभी राहणार नाहीं हें आम्हां दोघांनाहि दिसत होतें. शेवटीं असें ठरलें कीं, घोडी बरी होईपर्यंत तिचा चारा, औषध व चाचांची मजुरी माझ्या पेन्शनींतून. आणि विद्यार्थ्यानें दुसऱ्याचा घोडा निम्म्या वांट्यानें धरावा. त्याचें नुकसान यानें भरून निघालें असें नाहीं. त्याच्या घरच्या मंडळींनीं वर्षभर माझ्याशीं अबोला धरला होता, हेंहि सांगून टाकतों.

यापुढें जें केलें त्यांत पांडित्य थोडें आणि कष्ट फार. गूळ-चणे बंद. चंदी जवळजवळ बंद. हिरवें गवत बंद. त्याऐवजीं वाळलेलें गवत पाण्यांत भिजवून, निथळून देऊं लागलों, कारण भिजवल्यानें त्यांतली बरीच साखर पाण्याबरोबर जाते. त्याला जोड भाताच्या पेंढ्याची, आणि वैद्यांनीं सांगितलेलें तांबें-जस्त असलेलें क्षारांचें चूर्ण. गोठ्यांत मुरूम घालून ओटा उंच केला, वर पत्रा, आणि खालीं भाताच्या तुसाचा हातभर जाड थर, म्हणजे आजारी पायाला मऊ व कोरडी जागा मिळावी. रोज संध्याकाळीं पुतळीचे चर खरवडून मिठाच्या पाण्यानें धुवावयाचे आणि कापूस फिरवून कोरडे करावयाचे. हें काम माझें. साठी उलटलेल्या माणसानें घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसावें, हा व्यायाम कोणी आसनांत गणत नाहीं, पण कंबरेला त्याची किंमत कळते.

चाचांशीं माझा आणखी एक वाद होता, आणि तो सुटला तो त्यांच्या थोरपणामुळें. नाल ठोकण्यापूर्वीं तळवा सुरीनें गुळगुळीत, चकचकीत होईतों तासावयाचा, ही रीत. नालाखालीं तें एकवेळ खपतें. अनवाणी पायाला तें विष आहे. पातळ झालेला तळवा आणखी पातळ करून उपयोग काय? तळवा आणि पुतळी जशीच्या तशी ठेवावी. फक्त भिंतीची जमिनीलगतची कड कानशीनें गोल करावी म्हणजे ती फाटत नाहीं. आणि हें थोडथोडें, दर चारपांच आठवड्यांनीं करावें. चाचांनीं ऐकलें आणि सुरी पिशवींत टाकली. पण मग विचारलें, "नाल गेले तर मी खाऊं काय?" हा प्रश्न माझ्या एकाहि पुस्तकांत नव्हता. आम्हीं असें ठरविलें कीं, कानस मारण्याचे पैसे नाल ठोकण्याइतकेच. कामाला वेळ तितकाच लागतो आणि नजर जास्त लागते.

सूज ऑगस्टअखेर ओसरली. दसऱ्यानंतर जमीन सुकली, तेव्हां खऱ्या अर्थानें चालण्यास आरंभ झाला. म्हणजे चाचांनीं सांगितलेल्या मुहूर्तावरच. प्रथम वाडींतली माती, दहा मिनिटें. मग ओढ्याकांठची वाळू. मग बारीक खडी. सडकेचें नांव काढलें नाहीं. मुदत आम्हीं घड्याळावर ठरवीत नसूं, पावलावर ठरवीत असूं. पाऊल टाचेवर पडतें तोंवर चालावयाचें. टोंक आधीं टेकूं लागलें कीं त्याच क्षणीं परत फिरावयाचें. दुखऱ्या पायानें चालविल्यास पाय सुधारत नाहीं, उलट चुकीची चाल पक्की होते, हें मीं डांबरी सडकेवर शिकलों होतों.

झेनोफनला मात्र मीं सोडलें नव्हतें. ओढ्यांतले गोल गोटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनें आणून गोठ्याबाहेर पसरले आणि कडेला जुन्या विटा लावल्या. आठ दिवस घोडीनें त्यांकडे पाठ फिरविली; त्यांना वळसा घालून पाणी प्यावयास जाई. नवव्या दिवशीं एक पाय ठेवला. डिसेंबरांत ती दुपारच्या वेळीं आपण होऊन त्या गोट्यांवर जाऊन, खालचा ओठ लोंबता सोडून, डुलक्या घेऊं लागली. ग्रीक सेनानीचें एवढें तरी खरें ठरलें याचा मला फार आनंद झाला.

लांबच्या वाटेसाठीं बूट केले. परदेशांत घोड्यांचे तयार रबरी बूट मिळतात. आम्हीं गांवच्या चर्मकाराकडून मोटारीच्या टायरचा तळ आणि ताडपत्रीची पिशवी असे करून घेतले. पहिल्या जोडानें टाच सोलवटली. दुसऱ्याला आंतून नमदा लावला, तो बसला. बूट हा नालाचा भाऊ नव्हे. तो कामापुरता घालतां येतो आणि काम झालें कीं काढतां येतो, त्यामुळें उरलेला दिवस पायाला जमीन मिळते. तळवा जाड होईपर्यंतचे मधले महिने काढावयाचे कसे, हीच या सगळ्या खटाटोपांतली अवघड जागा आहे, आणि तेथें बुटांनीं आम्हांला तारलें. बूट न देतां, दुखेल तेवढें दुखूं दे, पुढें सवय होईल, असें म्हणणारीं माणसें मला पुढें भेटलीं. त्यांनीं एकदां उन्हांत तापलेल्या खडीवरून अनवाणी चालून यावें.

वहींत आतां मीं विशेषणें लिहिणें सोडून आंकडे लिहूं लागलों. जुलैंतल्या आजाराची आठवण म्हणून चारी खुरांवर वरच्या कडेलगत एक आडवा कंगोरा उमटला होता. आजारपणांत आपल्या नखांवर उमटतो तसा. दर पंधरवड्यास मीं पट्टीनें तो किती खालीं उतरला तें मोजीं. महिन्याला कधीं ८ मिलिमीटर, कधीं ९. कंगोऱ्याच्या वरची नवी भिंत खालच्या जुन्या भिंतीपेक्षां उभी व घट्ट उतरत होती, हें फेब्रुवारींत नुसत्या डोळ्यांना दिसूं लागलें. पुतळीलगतच्या चराची खोली हीहि तळव्याची जाडी अजमावण्याची एक ढोबळ खूण आहे. ऑक्टोबरांत ती पुढच्या उजव्या पायाला ६ मिलिमीटर होती, एप्रिलांत १३. मे २०२३ मध्यें कंगोरा जमिनीला टेकला आणि चाचांच्या कानशीखालीं नाहींसा झाला. तो दिवस विद्यार्थ्याला मुद्दाम बोलावून दाखविला. तो पट्टीकडे न पाहतां घोडीचा पाय उचलून अंगठ्यानें तळवा दाबून पाहूं लागला. घोडीनें पाय हिसकला नाहीं.

दिवाळी २०२३ ला ती पुन्हां वर गेली. मातीच्या वाटेवर अनवाणी, ठोकळ्यांच्या वाटेवर व वजनदार प्रवासी असेल तेव्हां पुढच्या पायांत बूट. पूर्वीपेक्षां ती वेगानें चालते असें मुळींच नाहीं. उतारावर थांबत नाहीं, एवढेंच. पावसाळ्यांत पाय नरम पडतात, आणि २०२४ च्या जुलैंत दोन आठवडे ती पुन्हां जपून चालत होती. गोट्यांचा ओटा व कोरडें तूस यांवर निभावलें. प्रवाशांच्या हातचा गूळ बंद करणें हें मात्र खूर वाढविण्याहून कठीण गेलें. विद्यार्थ्यानें आतां तिच्या गळ्यांत एक पाटी अडकविली आहे. अक्षर माझें आहे.

नालाला सरसकट शिव्या देणें मला पसंत नाहीं. ज्या घोड्याला रोज कठीण सडकेवर इतकें काम आहे कीं खूर वाढतो त्याहून अधिक झिजतो, त्याच्या मालकास अनवाणीचा उपदेश करणारा माणूस घोड्याचाहि मित्र नव्हे आणि मालकाचाहि नव्हे. विद्यार्थ्याच्या दुसऱ्या घोड्याचे नाल आम्हीं २०२४ च्या दसऱ्यानंतर काढले. सर्व पथ्यें सांभाळलीं, घाई केली नाहीं, गूळ दिला नाहीं. तरी त्याच्या पुढच्या डाव्या खुराला उभी चीर गेली, ती वर चढूं लागली, आणि घरांत दुसरा कमावता घोडा नव्हता. चाचांनीं पुढच्या दोन पायांस पुन्हां नाल ठोकले. ठोकतांना त्यांनीं माझ्याकडे पाहिलें नाहीं, हा त्यांचा सभ्यपणा. मागचे पाय तसेच मोकळे ठेवले आहेत आणि ते उत्तम चालले आहेत. चीर वरून खालीं निघून जाईपर्यंत पुढच्या पायांचा विचार करावयाचा नाहीं, असें आम्हां तिघांचें ठरलें आहे. कड अजून २२ मिलिमीटर उतरावयाची आहे. पट्टी मी रविवारीं लावतों.